इरुंगाट्टुकोट्टै : जुन्या मोटरसायकलला हवा ओळखायला शिकवणारे गाव

पुणे, सातारा, कराड किंवा कोल्हापूर यांपैकी कुठे तुमचे घर असेल, तर इरुंगाट्टुकोट्टैला जाण्याचा रस्ता तुमच्या ओळखीचाच आहे. राष्ट्रीय महामार्ग 48. मुंबईहून निघून बोरघाट चढणारा, खंबाटकी ओलांडून कोल्हापूर, बेळगावकडे जाणारा हाच रस्ता पुढे हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत चेन्नईला पोहोचतो. चेन्नई साधारण 40 किलोमीटर उरली, श्रीपेरुंबुदूर मागे पडले, की कंटेनरच्या रांगा आणि कारखान्यांच्या भिंतींमध्ये एक निळी-पांढरी पाटी दिसते. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण दोनदा म्हणून पाहा, जमेल : इरुंगाट्टुकोट्टै.

इथे समुद्रकिनारा नाही, किल्ला नाही, थंड हवाही नाही. मग इथे जायचे कशासाठी? तुमच्या घरी, वाड्यात किंवा गावच्या गोठ्यात वडिलांची किंवा आजोबांची जुनी मोटरसायकल उभी असेल, तर हे गाव तुम्हाला तिच्याबद्दल बरेच काही शिकवते. आरएक्स 100, जावा, येझदी, राजदूत, बुलेट, कोणतीही असो. गाडी नीट चालत नाही म्हणून तुम्ही ती भंगारात द्यायचा विचार करत असाल, तर त्याआधी हा लेख वाचा.

एका गावात दोन शेजारी

चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम नावाचे ठिकाण आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जुनी धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना 1953 ची, आणि या क्लबच्या शर्यती कित्येक दशके त्याच धावपट्टीवर होत. विमानासाठी बांधलेला सरळ रस्ता, कडेला गवताचे भारे आणि हजारो प्रेक्षक, असा तो थाट होता. पुढे क्लबने इरुंगाट्टुकोट्टैला स्वतःची खास शर्यतीची वाट बांधली आणि 1990 मध्ये ती सुरू झाली. सुमारे 3.7 किलोमीटर लांबीची ही वाट आज मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणून ओळखली जाते.

याच गावात दुसरा शेजारी आला तो ह्युंदाईचा कारखाना. 1998 मध्ये इथून सँट्रो बाहेर पडली. आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांची ती पहिली चारचाकी. तिच्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवत असे. त्याच वेळी जवळच्या शर्यतीच्या वाटेवर तरुण पोरे उकिडवी बसून, हातात पितळेचा जोंधळ्याएवढा तुकडा धरून, आज पेट्रोल किती द्यायचे यावर वाद घालत होती. तो पितळी तुकडा म्हणजे जेट.

पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 नियम आले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पण रस्त्यावर आणि घरांत लाखो जुन्या गाड्या आहेतच, आणि त्या अजून त्याच पितळी तुकड्यावर जगतात.

कार्बोरेटर नेमके काय करतो?

पूर्वी घरोघरी डास मारायला फ्लिटचा हातपंप असायचा, तो आठवा. दांडा ढकलला की हवा जोरात नळीच्या तोंडावरून जायची आणि खालच्या डब्यातले औषध आपोआप वर खेचले जाऊन फवारा उडायचा. कार्बोरेटर हाच पंप आहे, फक्त दांडा ढकलायचे काम इंजिनाचा पिस्टन करतो. हवा अरुंद गळ्यातून जाते, तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल वर ओढले जाते.

खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी कायम राखायला फ्लोट असतो. गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक पाहिलाय ना? अगदी तेच. पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि एक छोटी सुई येणारी वाट बंद करते. ती सुई झिजली की पेट्रोल वाहून जाते आणि गाडीखाली थेंब दिसू लागतात.

वाटीतून वर जाणारे पेट्रोल ज्या छिद्रातून जाते ते छिद्र म्हणजे जेट. जेटवर आकडा कोरलेला असतो. एकाच बनावटीच्या जेटमध्ये आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जास्त. कार्बोरेटरला इंजिनाचे तापमान कळत नाही, गाव कळत नाही, ऋतूही कळत नाही. त्याच्याकडे फक्त हे छिद्र आहे. म्हणून हवा बदलली की हिशोब माणसाला करावा लागतो.

चेन्नईचा आणि या यंत्राचा संबंध जुना आहे. जपानच्या मिकुनी कंपनीशी हातमिळवणी करून 1985 मध्ये चेन्नईत युकाल ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी आलेल्या यामाहा आरएक्स 100 वर मिकुनीच्याच रचनेचा 20 मिलिमीटर गळ्याचा कार्बोरेटर होता. 98 सीसी, 11 अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन. 1996 मध्ये ती बंद झाली, तरी आजही तिचा आवाज आला की माणसे मान वळवतात.

महामार्ग 48 हाच धडा

आता पुन्हा रस्त्यावर या आणि उंची बघत चला. मुंबई समुद्राला लागून. पुणे सुमारे 560 मीटरवर. कोल्हापूर जवळपास तेवढ्याच उंचीवर. बेळगाव 750 च्या आसपास. बंगळुरू 900 च्या वर. होसूर सोडले की उतार सुरू होतो, वेल्लोर 200 मीटरच्या थोडे वर आणि इरुंगाट्टुकोट्टै 50 मीटरच्याही आत.

दर 100 मीटर चढले की हवा साधारण 1 टक्क्याने विरळ होते. म्हणजे बंगळुरूला इंजिनाच्या एका घोटात मुंबईपेक्षा सुमारे 9 टक्के कमी हवा येते. पेट्रोलही थोडे कमी ओढले जाते, पण हवेइतके कमी होत नाही. म्हणून वर गेले की मिश्रणात पेट्रोल जास्त होते, गाडी जड वाटते, धूर काळपट होतो. खाली आले की उलटे, मिश्रण कोरडे पडते. एवढ्या फरकाला कंपनीने बसवलेला जेट सहसा सांभाळून घेतो. पण लडाखमधल्या 5,000 मीटरवरच्या खिंडीत हवेचा दाब निम्म्यापर्यंत उतरतो. तिथे जुन्या गाड्या का गुदमरतात हे यावरून लक्षात येईल.

उंचीसारखेच काम उष्णताही करते. 15 अंशांवरून तापमान 35 अंशांवर गेले की हवा 6 ते 7 टक्के विरळ होते, म्हणजे जणू तुम्ही जागेवर उभे राहून 600 ते 700 मीटर चढलात. त्यात चेन्नईचा दमटपणा. हवेत वाफ जास्त म्हणजे प्राणवायूला जागा कमी. समुद्रसपाटीजवळच्या या गावाला जे मिळते त्यातले बरेच दुपारचे ऊन काढून घेते. इरुंगाट्टुकोट्टैची खरी गंमत हीच. एकाच दिवसात, एकाच वाटेवर, सकाळी सहाची हवा वेगळी आणि दुपारी दोनची वेगळी.

शर्यतीच्या दिवशी बघायचे काय?

शर्यतीला गेलात तर फक्त वेग बघू नका. शर्यतीआधी गाड्या जिथे तयार करतात तिकडे नजर ठेवा. आता बहुतेक गटांत इंजेक्शनच्या गाड्या धावतात, पण जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, विशेषतः सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतींत, अजून येतात. त्यांच्याभोवती बसलेल्या पोरांकडे जेटची डबी असते, औषधाच्या गोळ्यांच्या डबीसारखी, कप्प्याकप्प्यांची. सकाळच्या सरावाला एक जेट, दुपारी दुसरा.

त्यांच्या हातात स्पार्क प्लगही दिसेल. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून बघायचा. चहासारखा तपकिरी रंग आला तर मिश्रण ठीक. काळी ओलसर काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक प्लग म्हणजे पेट्रोल कमी आणि धोका जवळ. ही परीक्षा बंद वाटेवर करायची असते. महामार्गावर कधीही करू नका.

धोका कसला? पेट्रोल जास्त झाले तर पैसे जातात, धूर होतो. पेट्रोल कमी झाले तर इंजिन तापते. टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टन फुगून सिलेंडरमध्ये जाम होतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी अडकते. ज्या जुन्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात, त्यांना कमी पेट्रोल म्हणजे कमी ऑइलही. ‘अॅव्हरेज वाढवून देतो’ म्हणत कुणी तुमच्या गाडीचा जेट लहान करत असेल तर त्याला थांबवा. लिटरमागे वाचलेले पाच रुपये चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात.

आधी साफसफाई, मग जेट

जुनी गाडी बिघडली की लोक आधी जेटवर घसरतात. तसे करू नका. क्रम असा ठेवा.

पहिली पायरी, कार्बोरेटरच्या बाहेरचे तपासा. एअर फिल्टर तुंबलाय का? प्लग जुना आहे का? कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चिरा पडल्यात का? त्या चिरांतून चोरून हवा शिरते आणि कोणताही जेट लावला तरी गाडी ताळ्यावर येत नाही.

दुसरी पायरी, कार्बोरेटर उतरवा. मोकळी हवा असलेली जागा निवडा, आसपास गॅस, उदबत्ती, सिगारेट नको. पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीखालचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल बाटलीत घ्या. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बाजूचा छोटा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून लिहून ठेवा. हलक्या हाताने फिरवा, जोर दिला तर टोक वाकते.

तिसरी पायरी, सफाई. इथे सर्वांत जास्त नुकसान होते. जेट तुंबला की आपल्याकडे सर्रास तार घालतात. पितळ मऊ असते. तारेने छिद्र ओरखडते, मोठे होते आणि जेटवरचा आकडा खोटा ठरतो. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, काही तास भिजू द्या, मग दाबाची हवा मारा. जेट उजेडासमोर धरला की छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. नाही दिसले तर नवा घ्या, फार महाग नसतो.

चौथी पायरी, नवे भाग. वाटीचे गॅस्केट, रबरी रिंगा आणि फ्लोटची सुई बदला. फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे. वर-खाली होणारी स्लाइड चरे पडून ढिली झाली असेल, तर हवा कडेने शिरते आणि गाडी एका जागी शांत उभी राहत नाही.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आहे, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे आणि चेन्नईला गेलात तर जनरल पॅटर्स रोड आणि पुदुपेट्टै आहेत. जुना भाग खिशात घालून न्या. दुकानदाराला गाडीचे वर्ष सांगण्यापेक्षा भाग समोर ठेवणे सोपे, तमिळ येत नसेल तर जास्तच.

थ्रॉटलचे चार हिस्से

साफसफाईनंतरही गाडी अडखळत असेल तरच जेटकडे वळा. थ्रॉटल किती उघडल्यावर त्रास होतो हे नीट बघा. मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीने खुणा करा : पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण.

थ्रॉटल बंद असताना आणि जेमतेम उघडल्यावर कारभार पायलट जेट आणि बाजूच्या स्क्रूकडे असतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा ठरवतो, बाहेर फिरवला की मिश्रण कोरडे होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल ठरवतो, बाहेर फिरवला की पेट्रोल वाढते. हा फरक माहीत नसल्याने अनेक जण उलट्या दिशेने फिरवत बसतात.

पावाच्या आतबाहेर स्लाइडच्या खालच्या कापाचा परिणाम असतो. तो सहसा बदलावा लागत नाही. पाव ते पाऊण या पट्ट्यात, म्हणजे रोजच्या चालवण्यात, स्लाइडखाली लटकणारी निमुळती सुई काम करते. तिच्यावर खाचा असतात आणि एका खाचेत छोटी क्लिप. क्लिप एक खाच खाली नेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. पाऊणच्या पुढे सगळी सत्ता मेन जेटची.

म्हणजे सिग्नलवर गाडी बंद पडत असेल तर मेन जेट बदलून काही होणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, एकच पायरी बदला आणि वहीत लिहा : तारीख, गाव, हवा कशी होती, कोणता जेट, गाडी कशी चालली.

राजदूत 350 सारखी दोन सिलेंडरची गाडी असेल तर कार्बोरेटरही दोन असतात. दोघांच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. जुने फिटर दोन्ही गळ्यांत एकेक बोट ठेवून थ्रॉटल हळू फिरवतात. एक बोट आधी हलले तर त्या बाजूची केबल घट्ट आहे. बैलजोडीतला एक बैल पुढे ओढत असेल तर गाडा सरळ जात नाही, तसेच हे.

शेवटी पीयूसी करा. त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. तो जास्त असेल तर गाडी उभी असताना पेट्रोल जास्त जाते आहे. सर्टिफिकेट खिशात घालण्याआधी तो आकडाही वहीत उतरवा.

आता नवा प्रश्न : पेट्रोलच बदलले

इतकी वर्षे हवा बदलत होती, पेट्रोल तेच होते. आता तेही बदलले आहे. 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल 2023 पासून टप्प्याटप्प्याने आले आणि आज तेच सर्वत्र मिळते. जुन्या गाडीच्या मालकाने दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

एक, इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो. निव्वळ पेट्रोलच्या 1 ग्रॅमला जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, 20 टक्के मिश्रणाला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. जेट मात्र तोच. त्यामुळे 1985 मध्ये ठरवलेला जेट आज, जागचा न हलता, थोडा लहान पडला आहे. गाडी थंड असताना अडखळते, जोरात पळवली की तापते, प्लग पांढरा दिसतो, असे असेल तर आधी सुईची क्लिप एक खाच खाली आणि मग गरज पडली तर मेन जेट एक पायरी मोठा, या क्रमाने जा.

दोन, इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबराला मऊ करते. पेट्रोलची नळी, फ्लोटच्या सुईचे टोक, रिंगा यांना त्रास होतो. नवे भाग घेताना इथेनॉलला टिकणारे रबर मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटीतले पेट्रोल काढून टाका. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्या चालवून नव्हे, उभ्या राहून बिघडतात.

घरच्यांना घेऊन जायचे तर

इरुंगाट्टुकोट्टैची शर्यतीची वाट रोज उघडी नसते. क्लबचे वेळापत्रक पाहून शर्यतीचाच दिवस गाठा. चेन्नईहून श्रीपेरुंबुदूर, कांचीपुरमकडे जाणाऱ्या बस याच महामार्गाने जातात. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि लहान मुलांच्या कानांसाठी कापूस घ्या. आपल्याकडे दिवाळीला आकाश मोकळे होते तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, हे लक्षात ठेवून बेत आखा.

ज्यांना इंजिनांत रस नाही त्यांच्यासाठी श्रीपेरुंबुदूर आहे. रामानुजाचार्यांचे हे जन्मगाव, तिथले आदिकेशव पेरुमाळ मंदिर बघण्यासारखे आहे. राजीव गांधींचे स्मारकही तिथेच आहे. पुढे कांचीपुरमला मंदिरे आणि रेशमी साड्या. येता-जाता आंबूरला बिर्याणीसाठी आणि कुठेही फिल्टर कॉफीसाठी थांबायला विसरू नका.

परत आल्यावर एक काम करा. तुमच्या भागात कार्बोरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारा फिटर असेल, तर घरातल्या मुलाला किंवा मुलीला एक रविवार त्याच्याकडे बसवा. त्याच्या हाताखालची पोरे आता लॅपटॉप लावून इंजेक्शनच्या गाड्या तपासतात, आणि ते योग्यच आहे, पोटाचा प्रश्न आहे. पण जुनी विद्या कुणी विचारले तरच तो सांगेल. आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढे ज्याच्या हाती गाडी जाईल त्याला आरसी बुकात मालकाचे नाव सापडेल, पण कोणत्या गावात, कोणत्या हवेत, कोणत्या जेटवर ती नीट चालली हे फक्त वहीतच सापडेल.